बॅटलटेकमध्ये एलिट लान्स कशी उभी करायची, तीही चार साध्या पायलटांपासून

सगळ्यात आधी एक सांगतो, एलिट पायलट पॉइंट मोजून विकत घेऊ नका. नवीन माणूस कॅम्पेन (एकाच तुकडीच्या लागोपाठ लढाया) सुरू करतो तेव्हा हेच करतो, चारही पायलट एकदम वरच्या दर्जाचे घेतो, मग पॉइंट संपतात म्हणून मेक (लढाऊ यंत्रं) हलके घ्यावे लागतात, आणि दुसऱ्याच लढाईत दोन पायलट गेले की कॅम्पेनमधला रसच जातो. मी गेली कित्येक वर्षं शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर हा गेम खेळतोय, कधी हॉलमधल्या टेबलावर, कधी लॅपटॉपवर मेगामेक (याच गेमचं कॉम्प्युटरवरचं रूप) लावून, आणि माझं ठाम मत आहे की एलिट तुकडी ही घडवायची गोष्ट आहे. साधे पायलट घ्या, त्यांना मरू देऊ नका, बाकी सगळं त्यातून येतं. ते कसं करायचं तेच खाली सगळं सांगतोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅटलटेक हा १९८४ मध्ये फासा (FASA) नावाच्या कंपनीने काढलेला टेबलवर खेळायचा गेम, पहिल्या वर्षी नाव बॅटलड्रॉइड्स होतं, ड्रॉइड या शब्दावरून हक्काचा प्रश्न आला म्हणून १९८५ ला बॅटलटेक झालं. काळ एकतिसाव्या शतकाच्या आसपासचा, माणूस हजारो ग्रहांवर पसरलाय, पाच मोठी घराणी आपापसात लढतायत आणि लढाईचा राजा म्हणजे बॅटलमेक, २० टनांपासून १०० टनांपर्यंतचं चालणारं यंत्र, आत एकच पायलट. चार मेक म्हणजे एक लान्स, तीन लान्स म्हणजे बारा मेकची कंपनी. नकाशा षटकोनी घरांचा, एक हेक्स ३० मीटरचा, एक टर्न १० सेकंदांचा, आणि सगळं दोन फाशांवर. नकाशा आम्ही ए-थ्रीवर झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणला आणि फासे जुन्या व्यापाराच्या डब्यातले घेतले, त्यामुळे खर्चाची काळजी करू नका. मेगामेक तर फुकट आहे, जावा असलं की चालतं.

आता पायलट. प्रत्येकाचे दोन आकडे असतात, गनरी (नेम) आणि पायलटिंग (मेक सांभाळणं), आणि आकडा जितका कमी तितका माणूस चांगला. नवखा ५/६, रेग्युलर ४/५, व्हेटरन ३/४, एलिट २/३. बघायला फरक फक्त दोनाचा, पण दोन फाशांवर दोन आकडे म्हणजे काय हे एकदा नीट बघा. समजा तुमचा मेक चालत आलाय (+१), शत्रू मध्यम पल्ल्यावर आहे (+२), तो पाच हेक्स पळालाय (+२) आणि विरळ झाडीत उभा आहे (+१). रेग्युलरची गनरी ४, त्यात हे सगळे मिळवले म्हणजे त्याला १० किंवा जास्त पडायला पाहिजे, त्याची शक्यता १७ टक्के. एलिटला तेच ८ पडलं तरी चालतं, म्हणजे ४२ टक्के. अडीचपट! आता लोक इथेच थांबतात आणि म्हणतात बघा, म्हणून एलिट घ्या. पण हेच गणित उलटं लावा. तोच रेग्युलर पायलट मध्यम पल्ल्याऐवजी जवळच्या पल्ल्यात नेऊन उभा केला तर ते +२ जातंच, म्हणजे तोही ८ वर आला. नेमक्या जागी उभं राहिलं की साधा पायलट एलिटसारखा मारतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. मला हा गेम खऱ्या अर्थाने कळला तो हे समजलं त्या दिवशी.

म्हणून मेक निवडतानाच जागेचा विचार करा. माझी आवडती सुरुवातीची लान्स सांगतो: वॉरहॅमर ७० टन, आर्चर ७० टन, हंचबॅक ५० टन आणि फिनिक्स हॉक ४५ टन. पहिले तिघं एकाच चालीचे, चालताना ४ हेक्स आणि पळताना ६, हे मुद्दाम. एक जण धावतोय आणि बाकीचे मागून रांगत येतायत असं झालं की धावणारा एकटा सापडतो आणि चौघांच्या गोळ्या खातो. चौथा फिनिक्स हॉक मात्र वेगळा, चाल ६, पळ ९, उडी ६, तो पुढे जाऊन बघून येणारा. १०० टनी अ‍ॅटलास सगळ्यांनाच पाहिजे असतो, मलाही होता, पण तो चालतो ३ आणि पळतो ५, त्याच्यासाठी अख्खी लान्स हळू होते. पहिल्या लान्समध्ये नको.

नावं पण ठेवा. चौघांना कॉलसाइन द्या आणि ती कामावरून द्या. माझा फिनिक्स हॉकचा पायलट म्हणजे टिटवी, कारण धोका दिसला की आधी ओरडायचं काम तिचं. हंचबॅकवाला घोरपड, एकदा जागा धरली की सोडायची नाही. मागे उभी राहून सगळ्यांना वाढणारी आर्चरवाली मावशी, आणि वॉरहॅमरमध्ये दादा. नाव असलं की तुम्ही त्याला वाचवायला बघता, नाव नसलं की तो नुसता प्लास्टिकचा तुकडा असतो आणि तुम्ही त्याला सहज पुढे ढकलता. वहीत प्रत्येकाचं एक पान करा, कुठल्या लढाईत काय झालं ते दोन ओळींत लिहा.

आता उष्णता, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण नव्वद टक्के नवीन लान्स शत्रूमुळे मरत नाहीत, स्वतःच्या गरमीमुळे मरतात असं मला वाटतं. प्रत्येक शस्त्र गरमी करतं, चाललं तरी १, पळालं तरी २, उडी मारली तर जितके हेक्स तितकी (कमीत कमी ३), आणि हीट सिंक ती बाहेर टाकतात. उरली ती साठत जाते. ५ ला एक चाल कमी होते, ८ ला नेम एकाने बिघडतो, १४ पासून मेक बंद पडायची भीती, १९ पासून आतला दारूगोळा फुटायची भीती आणि ३० ला मेक बंद म्हणजे बंदच.

वॉरहॅमरचं उदाहरण घ्या. दोन पीपीसी (मोठ्या ऊर्जा-तोफा), प्रत्येकी १० गरमी, आणि चालण्याची १, झाली २१. हीट सिंक १८. म्हणजे टर्नला ३ उरली. काही वाटत नाही ना? पहिल्या टर्नला ३, दुसऱ्याला ६, आता चाल एकाने कमी झाली, तिसऱ्याला ९, आता नेमपण बिघडला. तीन टर्नमध्ये म्हणजे तीस सेकंदांत तुमच्या दादाची गनरी ४ ची ५ झाली, तुम्हीच त्याला नवखा करून टाकलात. त्याऐवजी एक टर्न दोन्ही पीपीसी मारा, पुढच्या टर्नला शत्रू जवळ असेल तर एक पीपीसी आणि दोन मीडियम लेझर मारा, म्हणजे १० अधिक ६ अधिक १, सतरा, उलट एकने थंड झाला. लांब असेल तर एकच पीपीसी, मग तर सातने थंड. आम्ही गरमीच्या पट्टीवर शर्टाचं बटण ठेवतो आणि नियम असा केलाय की फासे हातात घ्यायच्या आधी बटण कुठे जाणार ते बोट ठेवून दाखवायचं. मोठ्याने आकडा बोलायचा. एवढ्या एका सवयीने माझी लान्स दुप्पट टिकायला लागली.

फिनिक्स हॉकवाल्यांची चूक अजून वेगळी. उडी मारायला मजा येते म्हणून प्रत्येक टर्नला उडी. सहा हेक्स उडी ६ गरमी, लार्ज लेझर ८, दोन मीडियम लेझर ६, झाली २० आणि हीट सिंक फक्त १०. एका टर्नमध्ये दहावर. आणि फायदा काय? सहा हेक्स उडी मारली की शत्रूला तुम्हाला मारायला +३ लागतं, दोन अंतराचे आणि एक उडीचा. पण जमिनीवरून ७ हेक्स पळालात तरी +३ च लागतं, गरमी फक्त २, आणि तुमचा स्वतःचा नेमपण कमी बिघडतो कारण पळताना +२ आणि उडीत +३. शिवाय पळ ९ ची आहे, सात हेक्स गेलात तर दोन चाली वळायला उरतात. म्हणून मोकळ्या मैदानात टिटवीला पळवा. उडी ठेवा ती टेकडी ओलांडायला, नाहीतर शत्रूच्या पाठीमागे उतरायला, तिथे चिलखत पातळ असतं आणि तिथे मारलेला एक लार्ज लेझर समोरून मारलेल्या तिघांच्या बरोबरीचा.

एकत्र हलायचं कसं ते आता. इनिशिएटिव्हचा फासा जो जिंकतो तो नंतर हलवतो, म्हणजे त्याला शत्रू कुठे गेला ते बघून मग जागा घेता येते. हरलात तर काय करायचं? आधी तो मेक हलवा ज्याची जागा काहीही झालं तरी तीच राहणार आहे. माझ्याकडे ती मावशी. आर्चरच्या एलआरएमचा (लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा) पल्ला २१ हेक्सपर्यंत, पण ६ हेक्सच्या आत त्यांचा नेम बिघडत जातो, त्यामुळे ती झाडीच्या कडेला मागे उभी असते आणि तिची जागा शत्रूला आधी कळली तरी फारसं बिघडत नाही. टिटवी सगळ्यात शेवटी. हंचबॅक शेवटून दुसरा, कारण त्याची ऑटोकॅनन २० एका गोळीत २० नुकसान करते पण पल्ला फक्त ९ हेक्स आणि गोळ्या दहाच, त्याला शत्रू टप्प्यात आल्यावरच दाखवायचा, तोपर्यंत टेकडीच्या मागे.

आणि मारायचं ते चौघांनी एकालाच. नवीन खेळाडू चार मेकने चार शत्रूंना थोडं थोडं मारतात आणि मग चारही शत्रू पुढच्या टर्नला पूर्ण ताकदीने परत मारतात. एका टर्नमध्ये एका मेकला २० किंवा जास्त नुकसान झालं की त्याच्या पायलटला उभं राहायला फासा टाकावा लागतो. रेग्युलरला तिथे ६ पडायला लागतं, म्हणजे २८ टक्के वेळा तो आडवा होतो, एलिटला ४ पुरतं, तो फक्त ८ टक्के वेळा पडतो. पडलेल्या मेकला उठायला चाली जातात, पडताना पायलटला इजा होऊ शकते आणि शेजारी जाऊन मारणाऱ्याला नेम दोनाने सोपा होतो. पायलटिंगचा आकडा लोक दुर्लक्षित करतात, सगळं एक्सपी (अनुभवाचे गुण) गनरीवर घालतात, पण माझं म्हणणं आधी एकदा पायलटिंग वाढवा, कारण पडलेला नेमबाज काही कामाचा नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगतोच, कारण सगळ्यात महत्त्वाचं मी तिथे शिकलो. घोरपड सात लढाया टिकून व्हेटरन झाला होता, ३/४. आठव्या लढाईत एका सुळक्याच्या कोपऱ्यावर त्याने जागा धरली होती, दोन शत्रू मेक अडवून ठेवले होते, पण डाव्या छातीचं चिलखत पूर्ण गेलं होतं. हंचबॅकची तोफ उजव्या छातीत आणि गोळ्या डाव्या छातीत असतात, तेव्हा सहा गोळ्या शिल्लक होत्या. मागे जायला वाट मोकळी होती. समोर एक मेक तीन हेक्सवर, विरळ झाडीत, मला ७ पडायला पाहिजे होतं, ५८ टक्के. समोरचा मित्र म्हणाला, काका मागे घ्या त्याला. मी म्हटलं एक गोळी आणि मग. फासे पडले तीन आणि दोन. पुढच्या टर्नला शत्रूचा एक मीडियम लेझर बरोबर त्याच डाव्या छातीत, आणि क्रिटिकलच्या (आतलं काय फुटलं ते ठरवणाऱ्या) फाशात गोळ्यांची जागा. उरलेल्या पाच गोळ्या गुणिले वीस, १०० नुकसान आतल्या आत. आमच्याकडे तेव्हा ऑटो-इजेक्टचा (पायलट आपोआप बाहेर फेकला जाण्याचा) नियम लावलेला नव्हता. वहीतल्या त्या पानावर मी फक्त तारीख लिहिली आणि त्या रात्री पुढे खेळलो नाही.

तेव्हापासून माझ्या लान्सचा पक्का नियम आहे: ज्या बाजूला दारूगोळा आहे तिथलं चिलखत संपलं की तो मेक त्याच टर्नला मागे. समोर कितीही चांगली संधी असो. उरलेल्या गोळ्या टाकून देण्याचाही नियम गेममध्ये आहे, एक टर्न जातो, पण जाऊ दे. दुसरा नियम पायलटच्या जखमांचा. डोक्याला मार लागला, पडला, दारूगोळा फुटला की पायलटला जखम होते आणि प्रत्येक जखमेनंतर शुद्ध राहते का ते बघायला फासा. पहिल्या जखमेला ३, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ७, चौथ्याला थेट १०, पाचव्याला ११, सहावी म्हणजे संपलं. आकडे बघा, तिसऱ्यापर्यंत माणूस तग धरतो आणि चौथ्याला एकदम कडा आहे. म्हणून दोन जखमा झाल्या की पायलट मागच्या रांगेत, तीन झाल्या की नकाशाच्या बाहेर. लढाई हरली तरी चालेल. मेक परत मिळतो, दुरुस्त होतो, शत्रूचा पडलेला उचलून आणता येतो. सात लढायांचा अनुभव असलेला माणूस कुठे मिळतो?

अहमदनगरला (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं म्युझियम आहे, १९९४ पासूनचं, कधी गेलात तर तिथल्या जुन्या रणगाड्यांसमोर उभं राहून एक विचार करा. त्यातल्या बऱ्याच रणगाड्यांत चौघं बसायचे, एक चालवायचा, एक नेम धरायचा, एक तोफगोळा भरायचा आणि एक बाहेर बघून हुकूम द्यायचा. मेकमध्ये ही चारही कामं एकट्या पायलटवर. मी तिथून आल्यावर माझ्या पायलटांकडून एका टर्नमध्ये खूप गोष्टी करून घ्यायचं बंद केलं. एका टर्नला एकाचं एकच काम, जागा घेणं किंवा मारणं किंवा अडवणं, आणि मग लान्स आपोआप शांत खेळायला लागते.

लढाईच्या बाहेरचं पण बघा, तिथे खरी तुकडी बनते. मेगामेकच्या जोडीचं मेकएचक्यू नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात पगार, दुरुस्ती, सुटे भाग, कंत्राटं सगळं चालवता येतं. पहिल्या कंत्राटाचे पैसे आले की पाचवा मेक घेऊ नका, चांगला टेक (मेक दुरुस्त करणारा) घ्या. एका टेकमागे सहा मदतनीस पूर्ण भरा, नाहीतर दुरुस्तीचा फासा अवघड होतो आणि अर्ध्या तुटलेल्या मेकमध्ये बसवून तुम्ही चांगल्या पायलटला पाठवता. डॉक्टर पण ठेवा. गेमच्या जगातली सगळ्यात नावाजलेली भाडोत्री फौज म्हणजे वुल्फ्स ड्रॅगून्स, ३००५ साली पाच रेजिमेंट घेऊन आली आणि पुढच्या काळात पाचही घराण्यांसाठी एकेक करून लढली, आणि तिच्या इतिहासात पायलटांइतकंच तिच्या टेक्निशियनांचं, सोबत फिरणाऱ्या कुटुंबांचं आणि स्वतःच्या रसदीचं महत्त्व आहे. तिच्यातलीच नताशा केरेन्स्कीची ब्लॅक विडो कंपनी म्हणजे नुसते बारा मेक, पण नाव ऐकून लोक ग्रह सोडायचे. बारा मेक मागे सगळा संसार उभा असल्याशिवाय तसे लढत नाहीत.

कंत्राटं निवडताना पहिली तीन-चार सोपी घ्या. चौकीदारी, दरोडेखोरांच्या मागे जाणं, गावाचं रक्षण, असली. पैसे कमी असतात पण जिंकलेली प्रत्येक लढाई एक्सपी देते आणि चौघं जिवंत राहतात. थेट घुसखोरीची मोठी कंत्राटं बघून तोंडाला पाणी सुटतं, पण तुमचे चौघं किमान व्हेटरन होईपर्यंत थांबा. आमच्या टेबलावर प्रत्येक लढाईनंतर आम्ही दहा मिनिटं बसतो आणि चहा घेता घेता एकच प्रश्न विचारतो, कुठला मेक चुकीच्या जागी उभा होता. शस्त्र कुठलं चुकलं ते विचारत नाही, फासे वाईट पडले हेपण बोलू देत नाही. फक्त जागा. ते वहीत जातं, आणि पुढच्या शनिवारी खेळ सुरू करायच्या आधी वाचलं जातं.

माझ्या लान्समध्ये आता टिटवी आणि दादा २/३ वर आहेत, मावशी ३/४, आणि हंचबॅकमध्ये नवीन पोरगी आली आहे, ४/५, अजून तिला कॉलसाइन दिलेलं नाही. घोरपड हे नाव मी परत कुणाला देणार नाही. तिच्या पहिल्या तीन लढाया मी तिला दादाच्या डाव्या बाजूला दोन हेक्सवरच ठेवणार, टेकडीच्या मागे, आणि तोफ मारायची ती फक्त ७ किंवा कमी लागत असेल तेव्हा.